पुण्यात पहिली गाडी घेताना: व्हेरिएंटच्या यादीपासून जॉब कार्डापर्यंत

भाचा बाणेरच्या एका शोरूममधून कोटेशन घेऊन थेट आमच्या घरी आला. कागदावर एका आकड्याभोवती पेनानं गोल केला होता आणि खाली सेल्समनच्या अक्षरात लिहिलं होतं, ‘वरचं मॉडेल – फक्त ८०० रु. महिना जास्त’. भाचा म्हणाला, "मामा, आठशे रुपयांसाठी कशाला खालचं मॉडेल घ्यायचं?" त्या आठशेचा हिशेब मांडायला आम्ही जेवणाआधी बसलो आणि पोळ्या गार झाल्या.

तो हिशेब, आणि गाडी घेतल्यावर सर्व्हिस सेंटरच्या खुर्चीत बसून मला जे शिकावं लागलं ते, पहिल्यांदा गाडी घेणाऱ्यांसाठी क्रमानं लिहितो.

पहिलं काम: अक्षरं सोडा, गरजा लिहा

प्रत्येक कंपनीची व्हेरिएंटची शिडी वेगळी. मारुतीत एलएक्सआय, व्हीएक्सआय, झेडएक्सआय. त्यांच्याच नेक्सा दालनात सिग्मा, डेल्टा, झीटा, अल्फा. टाटांकडे स्मार्ट, प्युअर, क्रिएटिव्ह. किआकडे एचटीई, एचटीके, एचटीएक्स. ही नावं पाठ करून काही हाती लागत नाही. ब्रोशरच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरातला तक्ता असतो, कुठल्या व्हेरिएंटला काय आहे आणि काय नाही याचा. तेवढं एक पान मागून घ्या. चकचकीत फोटोंची पानं शोरूममध्येच राहू द्या.

बेस मॉडेल म्हणजे नुसता पत्र्याचा डबा, ही समजूत आता जुनी झाली. एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाकं जाम होऊ न देणारी सोय), मागचे पार्किंग सेन्सर, सीटबेल्टची आठवण आणि ८० व १२० च्या वेगाला वाजणारा इशारा हे २०१९ पासून कायद्यानंच आलं. पुढच्या दोन एअरबॅग २०२२ पासून सगळ्याच गाड्यांत आहेत. त्यामुळे ‘सर, याच्यात पार्किंग सेन्सर येतात’ असं सांगून कोणी वरचं मॉडेल विकत असेल तर हसून पुढचा प्रश्न विचारा.

माझी कसोटी साधी आहे: नंतर बसवता येतं त्याला आज पैसे देऊ नका, नंतर बसवता येत नाही त्याला द्या. म्युझिक सिस्टिम, सीट कव्हर, अलॉय व्हील, रिव्हर्स कॅमेरा हे नंतर होतं. जास्तीच्या एअरबॅग, ईएससी (गाडी घसरायला लागली की सावरणारी यंत्रणा) आणि त्याच्यासोबत येणारा हिल होल्ड (चढावर गाडी मागे सरकू न देणारा), ड्रायव्हर सीटची उंची कमी-जास्त करायची सोय, मागच्या काचेचा वायपर आणि डीफॉगर (काचेवरची वाफ घालवणारा) हे नंतर होत नाही. जुलैत ताम्हिणीतून एकदा मागचं काही न दिसता खाली उतरलात की डीफॉगरची किंमत कळते. आणि हिल होल्ड कात्रजच्या घाटापेक्षा आपल्या सोसायटीच्या बेसमेंटच्या रॅम्पवरच जास्त कामाला येतो. पुढची गाडी गेटवर अडलेली, मागची चिकटलेली, आणि क्लच आपल्या पायाखाली.

सनरूफबद्दल माझं मत विचारू नका. विचारलंतच, तर पुण्याच्या एप्रिल-मे महिन्यात काच उघडून बसलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही. पण घरात लहान मुलं असतील तर हा वाद तुम्ही हरणार, तेव्हा बजेट धरून ठेवा.

दुसरं काम: कोटेशन ओळीओळीनं वाचा

भाच्याच्या कागदावर दोन व्हेरिएंट होते. एकाची एक्स-शोरूम किंमत (रोड टॅक्स, नोंदणी, इन्शुरन्स सोडून) ९,८५,००० आणि दुसऱ्याची १०,३५,०००. फरक ५०,००० चा. सात वर्षांच्या कर्जावर नऊ टक्क्यांनी ५०,००० चा हप्ता काढला की महिन्याला साधारण ८०० येतो. म्हणजे सेल्समन खोटं बोलला नव्हता. त्यानं फक्त एक्स-शोरूमवर हिशेब थांबवला होता.

महाराष्ट्रात वैयक्तिक नावावरच्या पेट्रोल गाडीला १० लाखांपर्यंत ११ टक्के, १० ते २० लाखांना १२ टक्के आणि त्यावर १३ टक्के रोड टॅक्स लागतो. डिझेलला प्रत्येक टप्प्यावर दोन टक्के जास्त. आणि इन्कम टॅक्सच्या स्लॅबसारखं इथं चालत नाही. १० लाखांची रेष ओलांडली की वाढलेला दर अख्ख्या किमतीवर बसतो. त्यामुळे ९,८५,००० वर टॅक्स १,०८,३५० आणि १०,३५,००० वर १,२४,२००. झाला १५,८५० चा फरक. शिवाय १० लाखांच्या वरच्या गाडीवर एक टक्का टीसीएस (विक्रेत्यानं विकतानाच गोळा केलेला इन्कम टॅक्स), म्हणजे १०,३५०. टीसीएस रिटर्न भरताना परत मिळतो किंवा वळता होतो, पण आज खिशातून जातोच. ५०,००० चे झाले ७६,२००, आणि इन्शुरन्सचा फरक अजून धरलेलाच नाही. तोच हप्ता आता महिन्याला सव्वाबाराशेच्या आसपास येतो आणि सात वर्षांत १ लाख ३ हजार होतात. भाचा गप्प झाला आणि पोळी वाढून घ्यायला उठला.

१० लाखांच्या जरा अलीकडे इतक्या किमती का थबकलेल्या असतात, त्याचं एक कारण ही रेष. आपलं मॉडेल रेषेच्या आसपास असेल तर मेटॅलिक किंवा ड्युअल टोन रंगाचे जास्तीचे पैसे धरूनही ती ओलांडली जात नाही ना, हे बघा. नुसत्या रंगापायी टॅक्सचा टप्पा बदलू शकतो. आणखी एक: गाडी कंपनीच्या नावावर घेणार असाल तर रोड टॅक्स २० टक्के आहे. सीएनं खर्च दाखवता येईल म्हटलं तरी आधी हा आकडा त्याच्यासमोर ठेवा.

किमतींची जुनी माहिती वाचून शोरूममध्ये भांडू नका. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी बदलला. चार मीटरच्या आतल्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल आणि १५०० सीसीपर्यंतच्या डिझेल गाड्यांना १८ टक्के, मोठ्यांना ४० टक्के आणि वरचा सेस गेला. त्याआधीच्या किमती आता कामाच्या नाहीत.

एक्स-शोरूम, टॅक्स, नोंदणी, फास्टॅग या ओळी सगळ्या डीलरांकडे जवळपास सारख्याच निघतात. खेळ उरलेल्या ओळींत असतो:

- इन्शुरन्स. नव्या गाडीला थर्ड पार्टी तीन वर्षांची घ्यावीच लागते, स्वतःच्या गाडीच्या नुकसानीची एक वर्षाची घेतली तरी चालते. डीलरकडूनच घ्या अशी सक्ती त्याला करता येत नाही. बाहेरून त्याच आयडीव्हीचं (विम्यात धरलेली गाडीची किंमत), त्याच ॲड-ऑनचं (वरच्या जादा कवचांचं) कोटेशन काढा आणि मोबाइल टेबलावर ठेवा. बहुतेक वेळा तिथंच आकडा खाली येतो. तेवढ्याच पैशात मिळत असेल तर डीलरकडूनच घ्यायला माझी हरकत नाही, कॅशलेसला सोपं जातं. तुमची आधीची १५ लाखांची वैयक्तिक अपघात पॉलिसी असेल तर ती पुन्हा घेऊ नका.
- ‘हँडलिंग’, ‘लॉजिस्टिक्स’, ‘डेपो चार्ज’. ही ओळ आरटीओच्या पावतीत कुठेच नसते. "हे कोण घेतं आणि याची पावती कुणाच्या नावानं मिळेल?" एवढंच विचारा.
- ‘इसेन्शियल किट’. मॅट, मडफ्लॅप, कव्हर, डोअर व्हायझर आणि एक परफ्यूमची बाटली. बाजारभावानं जोडून बघा आणि नको असेल ते खोडा. पुढचं लोखंडी बंपर गार्ड तर बेकायदेशीर आहे, फुकट दिलं तरी घेऊ नका.

बुकिंगचे पैसे डीलरच्या खात्यावरच द्या, सेल्समनच्या यूपीआयवर नको. तो कितीही चांगला मुलगा असला तरी. पावतीवर व्हेरिएंटचं पूर्ण नाव, रंग आणि बुकिंग रद्द केलं तर किती कापणार हे लिहून घ्या.

सवलतींचं थोडक्यात सांगतो. दसरा-पाडव्याला गर्दी असते, तेव्हा भाव करायला जाऊ नका. पितृपक्षात शोरूम ओस पडलेलं असतं. घरच्यांची ना नसेल तर त्या पंधरवड्यात भाव ठरवा, बुकिंग करा आणि घटस्थापनेनंतर डिलिव्हरी घ्या. हिंजवडी-खराडीत नोकरीला असाल तर कॉर्पोरेट सवलतीसाठी कंपनीचं ओळखपत्र न्या, कोणी आपणहून विचारत नाही.

तिसरं काम: नोंदणीच्या आधी गाडी डोळ्यांनी बघा

आता डीलर ऑनलाइनच नोंदणी करतो, गाडी आरटीओत नेऊन दाखवावी लागत नाही. सोय झाली, पण घाईसुद्धा वाढली. एकदा तुमच्या नावावर नोंदणी झाली की ‘ही नको, दुसरी द्या’ म्हणता येत नाही. म्हणून बाकीचे पैसे भरण्याआधी चॅसिस नंबर मागा आणि तीच गाडी यार्डात जाऊन बघा. दिवसा जा, उन्हात. शोरूमच्या दिव्यांखाली प्रत्येक गाडी नवरीसारखी दिसते.

उत्पादनाचा महिना-वर्ष विचारा. तो फॉर्म २१ वर (डीलरच्या विक्री प्रमाणपत्रावर) येतोच. डिसेंबरमधली गाडी जानेवारीत घेतलीत तर विकताना ती एक वर्ष जुनी धरली जाते, तेव्हा त्याची सवलत आजच मागा. टायरच्या बाजूला चार अंकी कोड असतो. ३२२५ असेल तर २०२५ चा ३२ वा आठवडा. पाचही टायर वाचा. चार टायर एका महिन्याचे आणि एक वेगळाच निघाला तर कारण विचारा. दारांच्या फटी, बॉनेटचे नट (पान्याच्या खुणा आहेत का), किलोमीटर, सगळ्या काचांवरचे मार्क, दोन्ही किल्ल्या. अर्धा तास लागतो. सेल्समन घड्याळ बघेल, बघू दे.

पुण्यात भाड्यानं राहात असाल तर नोंदणीकृत भाडेकरार जवळ ठेवा. पत्त्याचा पुरावा गावाकडचा आणि राहणं वाकडला, यात फाइल अडकते.

चौथं काम: वॉरंटी म्हणजे काय नाही, ते आधी समजून घ्या

वॉरंटी वर्ष आणि किलोमीटर अशा जोडीनं लिहिलेली असते, त्यातलं जे आधी संपेल ते खरं. मारुतीनं जुलै २०२४ मध्ये दोन वर्षे/४०,००० किलोमीटरवरून तीन वर्षे/१ लाख केली. रोज चाकण-पुणे करणाऱ्या माणसाला वर्षांपेक्षा किलोमीटरच महत्त्वाचे. एक्स्टेंडेड वॉरंटी घ्यायची असेल तर ती गाडीच्या कंपनीचीच आहे ना, हे सर्टिफिकेटवरच्या नावावरून तपासा. काही वेळा हातात पडते ती भलत्याच कंपनीची पॉलिसी, आणि ते क्लेमच्या दिवशी कळतं.

ब्रेक पॅड, क्लच प्लेट, वायपर, फिल्टर असे झिजणारे भाग वॉरंटीत येत नाहीत. टायरची वॉरंटी टायर कंपनीची. बाहेरून हॉर्न किंवा दिवे बसवताना वायर कापली असेल तर पुढे कुठलाही इलेक्ट्रिकल बिघाड त्या कापलेल्या वायरवर ढकलला जातो. म्हणून बसवायचंच तर मूळ कपलरला जोडणारं बसवा.

पुण्याच्या दोन गोष्टी वॉरंटीत अजिबात बसत नाहीत. एक उंदीर. बेसमेंटमध्ये आठ दिवस गाडी उभी राहिली की वायरिंग कुरतडतात. आमच्या सोसायटीत निम्म्या बॉनेटखाली तंबाखूची पुडी लटकलेली आहे. दुसरं पाणी. सप्टेंबर २०१९ मध्ये आंबिल ओढ्यानं आणि जुलै २०२४ मध्ये सिंहगड रोडच्या एकतानगरीत नदीच्या पाण्यानं पार्किंगमधल्या गाड्या बुडवल्या. बुडालेली गाडी ‘चालू होते का बघू’ म्हणून स्टार्टर मारलात तर इंजिनात पाणी ओढलं जातं आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. हे वॉरंटीत नाही, साध्या इन्शुरन्समध्येही बहुधा नाही. त्यासाठी इंजिन प्रोटेक्ट ॲड-ऑन लागतं. नदीकाठी किंवा ओढ्याशेजारी राहात असाल तर ते घ्या आणि किल्लीला हात न लावता टोइंगला फोन करा.

पाचवं काम: वर्कशॉप निवडा, शोरूम नव्हे

गाडी जिथून घेतली तिथंच सर्व्हिस करायला हवी असं काही नाही. कंपनीच्या कुठल्याही अधिकृत वर्कशॉपमध्ये वॉरंटी चालते. शोरूम हमरस्त्यावर आणि वर्कशॉप भलत्याच गल्लीत, पत्र्याच्या शेडमध्ये, असंही असतं. बुकिंगआधी एका शनिवारी सकाळी नऊला त्या वर्कशॉपबाहेर अर्धा तास उभे राहा. गाडी न्यायला आलेले लोक बिलाकडे कसे बघतात, त्यावरून पुष्कळ कळतं.

मालकांना विचारताना एक भेद ठेवा. ‘गाडी भिकार’ आणि ‘डीलर भिकार’ या दोन वेगळ्या तक्रारी आहेत, आणि चिडलेला माणूस दोन्ही एकाच दमात सांगतो. तीन वेगवेगळ्या वर्कशॉपांत जाणारे तिघं एकच बिघाड सांगत असतील तर दोष मॉडेलचा. एकाच वर्कशॉपबद्दल कुरबुर असेल तर वर्कशॉप बदला. ‘सर्व्हिस कशी आहे?’ असं विचारलंत तर ‘ठीक’ एवढंच उत्तर मिळेल. ‘शेवटचा पार्ट यायला किती दिवस लागले? कुठल्या ॲडव्हायझरकडे जाता?’ असं विचारा. सोसायटीच्या पार्किंगमध्ये तुमच्याच मॉडेलच्या दोन-तीन गाड्या सहज सापडतील.

फ्री सर्व्हिस म्हणजे मजुरी फ्री. ऑइल, फिल्टर यांचे पैसे लागतात. पण ती ठरलेल्या मुदतीत कराच. चुकलेली सर्व्हिस हा क्लेम नाकारायचा सगळ्यात सोपा बहाणा आहे.

सहावं काम: जॉब कार्ड

जॉब कार्ड म्हणजे गाडी वर्कशॉपला देताना तुमची तक्रार आणि करायचं काम लिहिलेला, सहीचा कागद. इथं जरा थांबतो, कारण माझे सगळ्यात जास्त हेलपाटे याच कागदापायी झाले.

माझ्या आधीच्या गाडीला पुढून आवाज यायला लागला तेव्हा वॉरंटीचे दोन महिने उरले होते. सकाळी पावणेनऊला वर्कशॉपमध्ये गेलो, ॲडव्हायझरला म्हणालो, "पुढून आवाज येतो." त्यानं मान डोलावली, टॅबवर काहीतरी टाइप केलं, मी सही केली. संध्याकाळी गाडी धुऊनपुसून मिळाली, ‘प्रॉब्लेम नाही’ या शेऱ्यासह. घरी येऊन कार्ड वाचलं तर तक्रारीच्या जागी लिहिलं होतं ‘जनरल चेकअप’. आवाजाचा शब्दच नाही. दुसऱ्या खेपेलाही तेच, वर "सर, या मॉडेलला एवढं नॉर्मल आहे."

तिसऱ्या खेपेला घरूनच चिठ्ठी लिहून नेली: ‘पुढून डावीकडे, स्पीडब्रेकरवरून १५-२० च्या वेगात उतरताना कट्-कट् असा दोनदा आवाज. सकाळी गाडी थंड असताना जास्त.’ हे शब्द जसेच्या तसे कार्डावर आल्याशिवाय सही करणार नाही म्हणून सांगितलं. आणि मेकॅनिक शेजारी बसल्याशिवाय गाडी सोडली नाही. वीस-बावीस वर्षांचा पोरगा होता. वर्कशॉपमागच्या गल्लीत स्पीडब्रेकरवरून उतरलो, त्यानं डॅशबोर्डवर तळहात ठेवला, म्हणाला, "काका, परत एकदा." दुसऱ्यांदा उतरल्यावर म्हणाला, "लिंक रॉड आहे." लिफ्टवर गाडी चढवून त्यानं तो हातानं हलवून दाखवला, तोच आवाज.

पार्ट यायला नऊ दिवस लागले आणि तोवर वॉरंटी संपून चार दिवस झाले होते. फोन आला, "सर, वॉरंटी एक्स्पायर झालीय, चार्जेबल होईल." मी कार्डाचा फोटो पाठवला. तक्रारीची तारीख वॉरंटीतली, शब्द स्वच्छ. तासाभरात उत्तर आलं, गाडी घेऊन या. एक रुपया द्यावा लागला नाही. पहिल्या दोन कार्डांवर विसंबून राहिलो असतो तर दाखवायला ‘जनरल चेकअप’ शिवाय काही नव्हतं.

हे असं का होतं, त्यामागे पैशाचं गणित आहे. वॉरंटीच्या कामाचे पैसे डीलरला कंपनीकडून मिळतात, तेही फोटो, मंजुरी, जुना पार्ट परत पाठवणं हे सगळं झाल्यावर. त्यापेक्षा ‘एसी डिसइन्फेक्शन’, ‘इंजिन डीकार्बनायझिंग’, ‘इंटीरियर एनरिचमेंट’ विकणं सोपं. म्हणून एस्टिमेटवरच्या प्रत्येक ओळीसाठी विचारा, "हे मालकाच्या पुस्तिकेत या किलोमीटरला लिहिलंय का?" नसेल तर नको म्हणा. पैसे देऊन बदललेला जुना पार्ट डिकीत ठेवायला सांगा. वॉरंटीतला मात्र मागू नका, तो कंपनीला जातो. कधी येतो, कधी येत नाही असा बिघाड असेल तर मोबाइलवर चित्रण करा, मीटरमधला दिवा आणि किलोमीटर दिसतील असं.

ऐकत नसतील तर

आधी वर्क्स मॅनेजर, मग कंपनीचं कस्टमर केअर. तिथं तक्रार क्रमांक घ्या आणि कंपनीचा एरिया सर्व्हिस मॅनेजर येणार असेल त्या दिवशी गाडी दाखवायची मागणी करा. डीलरच्या हातात नसलेली मंजुरी तो देऊ शकतो. सगळं ईमेलवर ठेवा. फोनवरचं गोड बोलणं कुठल्या फाइलला लागत नाही.

तरी हललं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, १९१५. मराठीत बोलता येतं. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग: २०१९ च्या कायद्यानुसार तुम्ही जिथं राहता तिथल्या आयोगात तक्रार करता येते, दिलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगच पुरतो आणि मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षे. १० ते २० लाखांच्या गाडीला फी ४०० रुपये आहे. वकील लागतोच असं नाही. ग्राहक पंचायतीची चळवळ पुण्यातच १९७४ मध्ये सुरू झाली. तिच्या कार्यकर्त्यांकडे अर्ज दाखवून घेतला तर भाषेतल्या चुका तरी टळतात.

भाच्यानं शेवटी ९,८५,००० चं घेतलं, डीफॉगरवालं. परवा पहिल्या सर्व्हिसला गेला होता. साडेनऊला फोन. "मामा, इंजेक्टर क्लीनिंग करून घ्या म्हणतायत."

"गाडी किती चाललीय?"

"नऊशे ऐंशी."

"फोन स्पीकरवर टाक," मी म्हटलं.